कंबर थांबते, तेव्हा बॅट धावते

२९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्क यांकीजनी मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध बेसबॉलच्या एकाच सामन्यात ९ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके, ठोकले. आपल्या डावातल्या पहिल्या तीन चेंडूंवर तर ओळीनं तीन. यांकीजच्या आजवरच्या कुठल्याही सामन्यात इतके होमरन झाले नव्हते. त्यांच्या काही खेळाडूंच्या हातात त्या दिवशी वेगळ्याच घडणीच्या बॅट होत्या. एरवी टोकाकडे असणारा जाड भाग थोडा मुठीकडे सरकवलेला आणि टोक निमुळतं. अ‍ॅरन लीनहार्ट या भौतिकशास्त्रातल्या पीएचडीची ही कल्पना. दुसऱ्या दिवसापासून जिकडेतिकडे 'टॉर्पेडो बॅट'चा गजर सुरू झाला आणि मुलांसाठी अशी बॅट कुठे मिळेल याची चौकशीही.

त्या सामन्यात एकट्यानं तीन होमरन मारणारा अ‍ॅरन जज जुन्याच घडणीची बॅट घेऊन खेळत होता. गदारोळात ही गोष्ट मागे पडली. टॉर्पेडो बॅटमागचा विचार चुकीचा आहे असं नाही. फलंदाज चेंडूला जिथे गाठतो तिथे लाकूड जास्त असावं, हे सरळच आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्यात, जे बिघडलेलं असतं ते बॅटच्या आकारानं सुधारत नाही.

आधी एक छोटं गणित. लाकडी बॅटच्या योग्य जागी चेंडू लागला, तर सुटणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे साधारण बॅटच्या वेगाची १.२ पट अधिक येणाऱ्या चेंडूच्या वेगाची ०.२ पट. पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, ताशी ५ मैल वेग वाढवला तर फलंदाजाला त्यातला जेमतेम १ मैल परत मिळतो. बॅटचा वेग ५ मैलांनी वाढला तर ६ मिळतात. म्हणजे सगळा मामला बॅटच्या वेगाचा. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, २०२४ पासून प्रत्येक स्विंगचा वेग जाहीर होतो. त्याची सरासरी ताशी ७२ मैलांच्या, म्हणजे ११६ किलोमीटरच्या आसपास आहे.

हा वेग येतो कुठून? पाहणाऱ्याची नजर बॅटवर असते, त्यामुळे सगळं हातांनीच होतंय असं वाटतं. बॅट धरू ९०० ग्रॅमची. चेंडूला भिडताना तिच्या जाड भागाचा वेग सेकंदाला ३१ मीटरच्या आसपास, तिच्या वस्तुमानकेंद्राचा २५ मीटर. सरकण्याची आणि फिरण्याची मिळून गतिज ऊर्जा ३०० ज्यूलच्या वर जाते. ही सगळी सुमारे ०.१५ सेकंदात बॅटमध्ये ओतायची, म्हणजे सरासरी २००० वॅट. अडीच अश्वशक्तीपेक्षा जास्त! दंड आणि मनगटांचा हा घास नव्हे. एवढी ताकद शरीरात फक्त मांड्या, नितंब आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंत असते, आणि बॅट तर त्यांच्यापासून सगळ्यांत लांब.

ही ताकद बॅटपर्यंत ज्या वाटेनं जाते, ती मला या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पुढचं पाऊल टेकतं, तिथून सुरुवात होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत अनुभवी फलंदाजांच्या पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के बल आढळलं होतं. हा पाय गुडघ्यात सरळ होत जातो आणि त्या बाजूचा खुबा मागे ढकलतो, त्यामुळे कंबर गर्रकन फिरते. त्याच मोजणीत कंबरेचा कमाल वेग सेकंदाला ७१४ अंश होता, खांद्यांचा ९३७ अंश. महत्त्वाचं हे की हे उच्चांक एकाच वेळी येत नाहीत. आधी कंबर, मग खांदे, मग हात, शेवटी बॅट. आणि प्रत्येक वेळी पुढचा भाग वेग घेत असताना मागचा मंदावत असतो. आसुडाची मूठ झटक्यात थांबवली की शेपूट कडाडतं, तसं.

पण 'आसुडासारखं' म्हणून थांबलं तर गोष्ट अर्धीच राहते. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की कंबरेचा कोनीय संवेग जसाच्या तसा खांद्यांकडे आणि तिथून बॅटकडे जातो. कोनीय संवेग म्हणजे जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला होणारा विरोध) गुणिले कोनीय वेग. समजा, एका भागानं सगळा संवेग एक चतुर्थांश जडत्व आघूर्ण असलेल्या दुसऱ्या भागाला दिला. मग दुसऱ्याचा वेग चौपट होईल. छान. पण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे ऊर्जाही चौपट व्हायला हवी, आणि ती काही आकाशातून पडत नाही. शिवाय फलंदाजाचा पाय जमिनीवर आहे, त्यामुळे कंबरेच्या संवेगाचा एक भाग त्या वाटेनं थेट पृथ्वीत निघून जातो.

खरी गंमत धडाच्या स्नायूंत आहे. कंबर पिचरकडे वळू लागते तेव्हा खांदे अजून मागेच असतात. मधले पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात. आवळलेल्या अवस्थेत ताणला गेलेला स्नायू लगेच आखडला तर एरवीपेक्षा जास्त बल देतो. हे स्नायू खांद्यांना पुढे ओढतात, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं कंबरेला तेवढ्याच जोरानं मागे. म्हणजे कंबर थांबते म्हणून खांदे धावतात, हे खरं. आणि खांदे धावतात म्हणून कंबर थांबते, हेही तितकंच खरं. ऊर्जेची तूट या स्नायूंनी केलेल्या कार्यातून भरून निघते.

आता हात आणि बॅट. मनगट ही बिजागरी धरली तर हा दुहेरी लंबक होतो, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला अडकवलेला दुसरा. सुरुवातीला बॅट दुमडलेली असते, शरीरालगत. का? जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतं. बॅटचं वस्तुमानकेंद्र शरीराच्या अक्षापासून ४० सेंटिमीटरवर ठेवलं आणि ९० सेंटिमीटरवर नेलं, तर ती शरीराभोवती फिरवायला होणारा विरोध पाचपट होतो. म्हणून आधी जवळ ठेवून शरीराला वेग घेऊ द्यायचा. मग हातांची वाट वळते. वळणावर हात मुठीला आत, अक्षाच्या दिशेनं ओढतात. या ओढीची रेषा बॅटच्या वस्तुमानकेंद्रातून जात नाही, बाजूनं जाते. त्यामुळे बॅटवर तिला उलगडणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, तयार होतं. मनगटानं ढकलायची फारशी गरज नाही, बॅट आपोआप उघडते. उघडताना ती हातांना मागे खेचते, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा बॅटमध्ये जाते. ज्यांना समीकरणांची हौस आहे त्यांनी दुहेरी लंबकाची समीकरणं मांडून वरच्या बिजागरीला योग्य क्षणी मंदावून पाहावं. बाकीच्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की शेवटच्या टप्प्यात हातांचं काम ओढण्याचं आहे, ढकलण्याचं नाही.

हे सगळं मुलाच्या स्विंगमध्ये कुठे मोडतं, ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा मोबाइल कॅमेरा बाजूला लावा, ०.१५ सेकंदाच्या स्विंगच्या ३६ चौकटी मिळतात. टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर, ठेवलेला चेंडू मारणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहा. बहुधा असं दिसतं: पुढचं पाऊल अजून हवेत आहे आणि बॅट निघालीसुद्धा. पट्ट्याचं बक्कल अजून बाजूला, पण कोपर सरळ झालेलं आणि बॅट शरीरापासून लांब गेलेली. म्हणजे पाचपट विरोध पहिल्याच चौकटीत ओढवून घेतला. मग खांदे आणि कंबर एकत्र, एखाद्या फळीसारखे फिरतात. चेंडू टीवरून जातो खरा, पण मुलानं जीव तोडून मारूनही त्यात जोर नसतो.

याचं एक साधं कारण म्हणजे जड बॅट. दोन वर्षांनी मोठी होईल म्हणून आजच मोठी घेणं हे बुटांबाबत कदाचित चालेल, इथे नाही. बॅट जड असली की दुमडून धरायला लागणारं बळ मनगटात नसतं, आणि मूल ती लवकर उघडून मोकळं होतं. अमेरिकेत बॅटवर 'ड्रॉप' लिहिलेला असतो: इंचांतल्या लांबीतून औंसांतलं वजन वजा केलं की येणारा आकडा. २८ इंची, १८ औंसांची, म्हणजे सुमारे ५१० ग्रॅमची बॅट म्हणजे ड्रॉप १०. हायस्कूलला गेल्यावर मात्र नियमानं ड्रॉप ३ पेक्षा जास्त चालत नाही, आणि तिथे अनेकांचा स्विंग पुन्हा विस्कटतो. लहानपणी शंका आली तर हलकी बॅट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सूचना. 'मागच्या पायानं किडा चिरड', हे कोच फार सांगतात. मूल इमानदारीत मागच्या पायावर वजन ठेवून टाच फिरवत बसतं. चांगल्या फलंदाजाचं चित्रण पाहिलं तर चेंडू लागताना मागचा पाय अंगठ्यावर आलेला असतो, कधी जमिनीवरून उचललेलाही असतो, कारण भार पुढच्या पायावर गेलेला असतो. 'वरून खाली मार' हीसुद्धा तसलीच. पिचर उंचवट्यावरून फेकतो, त्यात गुरुत्वाकर्षण आहेच. चेंडू प्लेटवर, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पाटीवर, येतो तो ५ ते १० अंश खाली झुकत. बॅटही खाली आणली तर दोन वाटा एकमेकींना एकाच बिंदूत छेदतात आणि वेळ किंचित चुकली तरी फटका गेला. बॅट तेवढीच वर चढत आली तर ती चेंडूच्या रेषेत बराच काळ राहते. १९४१ च्या हंगामात ०.४०६ ची, म्हणजे दर दहात चारहून अधिक यशस्वी फटक्यांची, सरासरी गाठणारा टेड विल्यम्स हेच सांगत असे. बॅट घट्ट आवळून धरण्याचंही तेच. बॅट आणि चेंडूची भेट सुमारे एक सहस्रांश सेकंदात संपते. धक्क्याची लहर मुठीपर्यंत जाऊन परत यायच्या आत चेंडू सुटलेला असतो. त्या क्षणापुरतं पकडीला काही स्थान नाही.

आणि 'बॅटला लागेपर्यंत चेंडूवरून नजर हटवू नकोस'? टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अगदी व्यावसायिक फलंदाजाचे डोळेही वेगवान चेंडूचा पाठलाग प्लेटच्या पावणेदोन मीटर अलीकडेच सोडतात. पुढे तो नजरेच्या क्षमतेपेक्षा वेगानं सरकतो. सूचना निरुपद्रवी आहे, डोकं स्थिर राहायला मदतच होते. पण शब्दशः पाळणं कोणालाही शक्य नाही.

निरुपद्रवी नसलेल्याही गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी मेजर लीगच्या खेळाडूंच्या गळ्यात टायटॅनियमच्या दोरीच्या माळा आल्या. शरीरातला 'ऊर्जाप्रवाह' सुधारतो म्हणे. कोणती ऊर्जा, किती ज्यूल, याचं उत्तर नाही. गंडादोरा तो गंडादोराच, धातूचा केला म्हणून विज्ञान होत नाही. बॅटला वजनाचं कडं, म्हणजे 'डोनट', अडकवून हात मोकळे करण्याची पद्धत त्याहून जुनी. कडं काढल्यावर बॅट हलकी वाटते हे खरंच, पण वेग मोजला तर तो वाढलेला नसतो, बरेचदा घटलेला असतो. तीच कथा पुन्हा: जडत्व बदललं की साखळीची वेळ बिघडते.

मग मुलाला सांगायचं काय? कंबर, खांदे, हात, मनगट असा क्रम तोंडपाठ करून घेतला की मूल बिचारं खांबासारखं उभं राहतं. गाब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिलं आहे की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामाकडे वळवलं की कौशल्य सहसा अधिक चांगलं येतं. 'कंबर आधी फिरव' याऐवजी 'टीवरचा चेंडू सेकंड बेसच्या डोक्यावरून घालव' म्हणावं (सेकंड बेस म्हणजे समोर, पिचरच्या मागे असलेला तळ). पाऊल टेकल्यावर क्षणभर थांबवून मग मारायला लावावं. त्या थांब्यात हात मागे राहायला शिकतात. टी थोडी पुढे, पुढच्या पायाच्या रेषेत ठेवावी, म्हणजे शरीर वळल्याशिवाय बॅट चेंडूपर्यंत पोचतच नाही. एका दिवशी एकच गोष्ट, आणि शरीरशास्त्र कोचनं स्वतःपाशी ठेवावं.

टीवर क्रम बसला तरी येणाऱ्या चेंडूसमोर तो टिकेलच असं नाही. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर ४६ फुटांवर असतो, मोठ्यांच्या खेळात ६० फूट ६ इंचांवर. त्या कमी अंतरावरून ताशी ७० मैलांनी आलेला चेंडू मुलाला तेवढाच वेळ देतो, जेवढा ९२ मैलांचा चेंडू मोठ्या फलंदाजाला देतो: ०.४५ सेकंद. त्यातले ०.१५ स्विंगचे वजा केले की पाहायला आणि ठरवायला ०.३ उरतात. घाबरलेलं मूल सर्वांत आधी हात फेकतं, आणि टीवर जमलेला क्रम कोलमडतो. म्हणून टीनंतर थेट चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभं न करता आधी जवळून, खालच्या हातानं हळू टाकलेले चेंडू द्यावेत. चित्रणात बॅटच्या आधी बक्कल वळलेलं सलग दिसू लागलं की मग वेग वाढवायला हरकत नाही.