ताज्या टॅटूचे पापुद्रे

भाचीने दंडावर मोराचं पीस गोंदवून घेतलं आणि सहाव्या दिवशी सकाळीच तिचा रडवेला फोन आला. अंघोळ करून अंग टिपलं, तर टॉवेलवर काळ्या-निळ्या रंगाचे बारीक पापुद्रे. "मावशी, सगळा रंग निघून चाललाय गं!" तिला म्हटलं, रंग आहे तिथेच आहे, तू फक्त त्याला नखं लावू नकोस.

तिच्यासारखेच अनेक जण नेमके याच दिवशी घाबरतात आणि नको ते करून बसतात. त्यामुळे सुई टोचल्यावर आत काय घडतं, ते आधी पाहू.

आपली वरची त्वचा कागदासारखी पातळ असते. ती खालून नवी तयार होत राहते आणि वरून झडत राहते. साधारण महिन्याभरात ती बदलून जाते. शाई या थरात राहिली असती, तर टॅटू महिनाभरही टिकला नसता. म्हणून सुई वरचा थर पार करून खालच्या जाड त्वचेत, एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. वाटेत वरच्या थरातही थोडी शाई सांडते. जखम भरताना हा वरचा थर झडतो, तेव्हा सांडलेली शाई त्याच्याबरोबर निघून जाते. टॉवेलवर दिसली ती हीच. चित्र त्याच्याखाली शाबूत असतं.

शाई खाली टिकते कशी, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. त्वचेच्या या खालच्या थरात भक्षक पेशींचा पहारा असतो. बाहेरून काही घुसलं की त्या ते गिळतात आणि पचवतात. शाईचे कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी तो उचलून घेते. पहारेकरी बदलतात, ऐवज तिथेच राहतो. माझ्या आजीच्या कपाळावरचं काजळीचं गोंदण नव्वदीतही दिसायचं. कडा पसरल्या होत्या, रंग हिरवट झाला होता, पण ठिपके मोजता यायचे.

म्हणजे शाईची काळजी शरीर घेतं. आपण काळजी घ्यायची ती जखमेची. टॅटू म्हणजे जवळजवळ लागून असलेली हजारो छिद्रं. पहिले एक-दोन दिवस त्यातून पाझर येतो. तो पिवळसर, चिकट असतो आणि त्यात थोडी शाईही मिसळलेली असते. रात्री चादर चिकटली तर सकाळी ओढू नका. कोमट पाणी सोडा, ती आपोआप सुटते. हात स्वच्छ धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने दिवसातून दोन-तीनदा टॅटू हलकेच धुवा आणि टिश्यू पेपरने टिपून घ्या. नेहमीचा टॉवेल आणि घासणी काही दिवस दूरच बरी. टॅटू करणाऱ्याने पारदर्शक पट्टी लावली असेल, तर ती किती दिवस ठेवायची ते त्यालाच विचारून घ्या.

जखम उघडी ठेवून वाळवावी, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने धरते. जाड, कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत सरकावं लागतं. म्हणून बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, पण थर अगदी पातळ हवा. लोण्यासारखं थापलं तर खालची त्वचा भिजून पांढरी, लिबलिबीत होते. हळद मात्र लावू नका, हे मी कळकळीने सांगते. आजीच्या काळी गोंदल्यावर हळद लावत, त्यामागे माया होती. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण उघड्या छिद्रांत जाऊन बसतात.

पापुद्रे सुटायला लागले की खाज सुटते, जीव नकोसा करते. वरून तळहाताने हलकं थोपटा. खपली उपटली तर तिच्याबरोबर खालची शाईही निघू शकते आणि तिथे फिकट डाग राहतो.

गोव्याला जाऊन पहिल्याच दिवशी टॅटू करायचा आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरायचं, हा बेत तर नकोच. २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ३१ वर्षांच्या माणसाची हकिकत आली होती. टॅटू केल्यावर पाच दिवसांनी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जातीचा जिवाणू जखमेतून शिरला. त्याचं यकृत आधीच बिघडलेलं होतं, तो वाचला नाही. असं क्वचितच घडतं. तरी समुद्र, तलाव, पोहण्याचा तलाव, सगळंच दोन ते चार आठवडे टाळा. ऊनही टाळा. सनस्क्रीन जखम पूर्ण भरल्यावरच लावायचं, तोवर सैल सुती बाही पुरते.

पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज, ठणका असणारच. तो रोज कमी व्हायला हवा. उलट वाढत गेला, पू आला, ताप चढला किंवा टॅटूपासून लाल रेघ वर सरकताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर गोंदवण्याआधीच डॉक्टरांशी बोला. काही संसर्ग उशिरा डोकं वर काढतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११ साली १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं. आयती पातळ करून विकलेली राखाडी शाईच दूषित होती. तिथे घरी कितीही धुतलं असतं तरी उपयोग नव्हता. म्हणून सुई नवी, सीलबंद आहे ना आणि शाई कशाने पातळ करताहेत, हे खुर्चीत बसण्याआधी विचारायला लाजू नका.

भाचीचं पीस तिसऱ्या आठवड्यात छान दिसायला लागलं. वरची त्वचा अजून चकचकीत आहे, कारण ती कोवळी आहे आणि आतली दुरुस्ती काही महिने चालेल. पुढच्या महिन्यात तिच्या कॉलेजात रक्तदान शिबिर आहे आणि तिने दरवर्षीप्रमाणे नाव दिलं होतं. ते मी मागे घ्यायला लावलं. सुईतून कावीळ बी, कावीळ सी किंवा एचआयव्हीची लागण झाली असेल, तर ती लगेच तपासणीत दिसेलच असं नाही, म्हणून आपल्याकडे टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. यंदा ती शिबिरात नावनोंदणीच्या टेबलावर बसणार आहे.