पूर्वप्रशिक्षित मॉडेलने प्रतिमाविभाजन

चित्रातला प्रत्येक पिक्सेल कोणत्या वर्गाचा, हे ठरवणे म्हणजे प्रतिमाविभाजन किंवा सेगमेंटेशन. यासाठी डीप लर्निंग मॉडेल मुळापासून शिकवायचे तर प्रचंड चित्रसंग्रह लागतो, म्हणून शिकून तयार असलेले मॉडेल घेण्याचा प्रघात आहे. २०१५ मध्ये एफसीएन (फुली कन्व्होल्यूशनल नेटवर्क) या पद्धतीने वर्गीकरणासाठी, म्हणजे अख्ख्या चित्राला एकच नाव देण्यासाठी, शिकलेली न्यूरल जाळी विभाजनाकडे वळवली. त्याच वर्षी फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट हे विभाजनाचे मॉडेल आले, ते मुळात वैद्यकीय चित्रांसाठी.

तयार मॉडेलला कडा, पोत, आकार कळतात. वर्ग मात्र त्याला शिकवले तेवढेच. अशा प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पास्कल व्हीओसी या चित्रसंग्रहात २० वर्ग आहेत: गाय, होडी, बस वगैरे. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनाचे (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीचे) ड्रोनवरून टिपलेले चित्र अशा मॉडेलला दिले, तर फार तर मांडवीतली होडी सापडेल. कांदळवन, मिठागर, बांध सगळे ‘पार्श्वभूमी’त जमा. मॉडेल एकामागून एक थरांचे बनलेले असते; म्हणून शेवटचा थर बदलून आपले वर्ग बसवायचे, आधीचे थर गोठवायचे (त्यांचे शिकलेले तसेच ठेवायचे) आणि माणसाने वर्गांनुसार हाताने रंगवलेल्या चित्रांवर पुन्हा शिकवायचे. चित्रांचे रंगमूल्य मूळ प्रशिक्षणात होते त्याच मापात आणावे लागते. हे राहून गेले तर प्रोग्राम कुरकूर न करता चालतो, नकाशा मात्र बिघडतो.

गोव्यात खरी मेख ऋतूंची आहे. ज्या खाजनात पावसाळ्यात कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात डोलते, तिथेच उन्हाळ्यात कोरडी, भेगाळलेली जमीन किंवा साचलेले पाणी दिसू शकते. एकाच हंगामातल्या चित्रांवर शिकलेले मॉडेल दुसऱ्या हंगामात हमखास चकते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत उत्तमातला एक पिक्सेल १० मीटरचा. मीटर-दोन मीटर रुंदीचा बांध त्यात वेगळा उठूनच दिसत नाही. त्यासाठी ड्रोनच हवा. उलट कांदळवनाला उपग्रहाची निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची) पट्टी उपयोगी, कारण हिरवी पाने ती जोरात परावर्तित करतात. पण रंगीत छायाचित्रांवर शिकलेल्या मॉडेलचा पहिला थर लाल, हिरवी, निळी अशा तीनच पट्ट्या घेतो. चौथीसाठी तोही बदलावा लागतो.

मेटा कंपनीचे ‘सॅम’ हे विभाजनाचे मॉडेल (२०२३) १ कोटी १० लाख चित्रांवर शिकलेले आहे. ते सीमारेषा चटकन आखते, नाव देत नाही; हाताने रंगवण्याचे कंटाळवाणे काम त्यामुळे पुष्कळ हलके होते.

अचूकतेसाठी मॉडेलचा आणि माणसाने आखलेला भाग किती जुळतो, ते प्रत्येक वर्गाला वेगळे मोजतात. चोडणवर शिकवून शेजारच्याच तुकड्यावर तपासले तर गुण फुगतात, कारण तो जवळपास तसाच दिसतो. परीक्षा दुसरीकडे, जसे कुंभारजुव्याकडच्या खाजनांवर घ्यावी.