तक्ता, कोष्टक आणि कीबोर्डवरचं टॅब बटण

सातबारा आपल्या मराठवाड्यात घरोघरी असतो, पण एकदा त्याच्याकडे नुसता तक्ता म्हणून बघा. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, असे दोन तक्ते मिळून तो बनतो. बाराच्या नमुन्यात समजा ०.४० असा आकडा आहे, एकटा वाचला तर त्याचा काहीच बोध होत नाही, पण तो जलसिंचितच्या रकान्यात आहे का अजलसिंचितच्या, आणि त्या ओळीत पीक कापूस लिहिलंय की सोयाबीन, हे बघितलं की लगेच सगळं कळतं. आकड्याला अर्थ येतो तो त्याच्या जागेमुळे, आणि माहिती अशी जागेवर बसवणं म्हणजेच टॅब्युलेट करणं.

हा शब्द लॅटिनमधल्या टॅब्युलावरून आलाय, टॅब्युला म्हणजे फळी. रोमन लोक मेण लावलेल्या लाकडी फळ्यांवर लिहायचे. आता गंमत बघा, आपला तक्ता फारसीतल्या 'तख्ता' ह्या शब्दावरून आलाय आणि त्याचाही अर्थ फळीच! कोष्टक मात्र संस्कृत कोष्ठवरून, म्हणजे धान्याची कोठी, कोठार ह्याच घराण्यातला, आणि मला तो जास्त नेमका वाटतो कारण त्यात कप्पे दिसतात. ज्योतिषी गणेश दैवज्ञांनी १५२५ च्या सुमारास तिथिचिंतामणी ह्या ग्रंथात अशीच कोष्टकं दिली, म्हणजे पंचांग करणाऱ्याला दरवेळी सगळं गणित पहिल्यापासून मांडायला नको.

पण तक्ता ह्या सगळ्या शब्दांपेक्षा लई जुना आहे. इराकमधल्या शुरुप्पाक इथं साधारण ४६०० वर्षांपूर्वीची मातीची पाटी सापडली, तिच्यात पहिल्या दोन रकान्यांत बाजूंची लांबी आणि तिसऱ्यात क्षेत्रफळ. म्हणजे तिथंही जमिनीचंच माप!

पुढं १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांच्या मशीननं छिद्रं पाडलेली कार्डं मोजून तक्ते केले, त्या मशीनचं नावच टॅब्युलेटिंग मशीन, आणि त्यांची कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळून शेवटी आयबीएम झाली. टाइपरायटरवर रकाने सरळ यावेत म्हणून टॅब्युलेटर आला, सेतू केंद्रातला पोरगा फॉर्म भरताना जे टॅब बटण दाबतो ते त्याचंच छोटं नाव.

त्याच आयबीएममध्ये एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा संच ही कल्पना मांडली, त्यात एका घरात एकच गोष्ट ठेवायची. एक्सेलमध्ये आपण इथंच घोळ करतो, एकाच घरात "कापूस + तूर, २ एकर" लिहितो आणि मग नुसत्या तुरीची बेरीज काही केल्या निघत नाही. बाराच्या जुन्या नमुन्यात बघा, मिश्र पिकांसाठी रकाने वेगळे होते आणि त्यातही प्रत्येक घटक पिकाचं क्षेत्र वेगळं लिहावं लागायचं.