कोकणातील कासवांचा विणीचा हंगाम

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या पुळणींवर अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातील वेळास हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध गाव. केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, दिवेआगर आणि दक्षिणेकडे वायंगणी येथेही घरटी होतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाचा समावेश आहे.

मादी बहुधा रात्री येते. भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशा त्या खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते, अंगाने दाबते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांशी तिची पुन्हा गाठ पडत नाही. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात. त्यामुळे वाढत्या उन्हाळ्याची चिंता इथे खरी आहे.

ओडिशात गहिरमाथ्याला हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. म्हणूनच अभ्यासकांचे इकडे उशिरा लक्ष गेले. गावकऱ्यांना मात्र घरटी पूर्वीपासून माहीत होती आणि अंडी खाल्लीही जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने वेळासमध्ये संरक्षणाचे काम उभे केले. आज गावोगावचे कासवमित्र उजाडण्याआधी पुळण पालथी घालतात. वाळूवरचा माग सापडला की घरटे शोधून अंडी अलगद उचलतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरतात. कोल्ही-कुत्री आणि माणूस, दोघांपासूनही ती तिथे सुरक्षित राहतात. सगळ्या हंगामाचा आधार या पहाटेच्या फेरीवर आहे. पिल्ले सोडताना पाहायला आता मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात.

या माद्या एरवी असतात कुठे, याचा उलगडा अलीकडेच होऊ लागला. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयत्न होता. वेळासची ‘प्रथमा’ गुजरातच्या दिशेने गेली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये उलट बाजूनेही पुरावा मिळाला: २०२१ साली ओडिशात पायाला बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे वेगळी, हा समज त्यामुळे डळमळला. एकाच मादीला दोन्ही पुळणी लागू शकतात, मग संरक्षणही राज्याच्या हद्दीत थांबवून चालणार नाही.

पुळणीवर अंडी जपली जातात, पण समुद्रात मोठ्या कासवांचा जीव जाळ्यात जातो. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. जाळे उशिरा ओढले की ते गुदमरते. अडकलेले संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्याची भरपाई योजना आहे. कमाल रक्कम २५,००० रुपये असून त्यासाठी सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत द्यावी लागते.