तालमीचे डाव आणि आपला हुकमी डाव

कोल्हापुरात आता तालमींच्या जोडीला कराटे, किकबॉक्सिंग, एमएमएचे (मिश्र मार्शल आर्ट्सचे) वर्ग निघालेत आणि तिथल्या पोरांच्या तोंडी ‘स्वतःची स्टाईल’ हे शब्द सारखे असतात. डोळ्यांपुढे अर्थातच ब्रूस ली. इप मान यांच्याकडे विंग चुन ही चिनी लढण्याची कला शिकलेला ली १९६४ साली ओकलंडमध्ये एक झुंज लढला. ती त्याच्या अपेक्षेपेक्षा लांबली, त्याचा दम निघाला. मग बॉक्सिंग, तलवारबाजी असं जिथे जे कामाचं दिसलं ते उचलत १९६७ साली त्याने आपल्या पद्धतीला ‘जीत कुन डो’ नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, जपानच्या जिगोरो कानोंनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या घराण्यांतून ज्युडो उभा केला होता.

आपल्याकडे कुस्तीत पद्धतीला नाव द्यायची रीत नव्हती. इथे विचारायचे, ‘गड्याचा हुकमी डाव कुठला?’

डाव सगळ्या तालमीचे. पट, ढाक, घिस्सा, कलाजंग, मोळी, लपेट, आतली टांग, बाहेरची टांग, आणि प्रत्येकाची तोड, म्हणजे डाव उलटवायचा उपाय. नव्या पठ्ठ्याला हे सगळं घोटावं लागतं. त्याआधी जोर, बैठका आणि हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती उकरणं. दरम्यान वस्ताद त्याचं अंग बघत असतो. बुटका, मांडीत जोर असलेला गडी पटात घुसतो. लांब तंगड्यांच्या पोराला टांग आणि लपेट सोपी जाते. त्यातून एखाददुसरा डाव असा बसतो की समोरच्याला तो माहीत असूनही चुकवता येत नाही. वस्ताद म्हणे एक डाव राखून ठेवतो. माझ्या मते ते बरंच आहे, ती जागा पठ्ठ्याला स्वतः भरावी लागते.

या घडणीला वेग आला तो राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. महाराज स्वतः कुस्तीतले जाणकार. त्यांच्या आश्रयाने उत्तरेकडचे नामी मल्ल कोल्हापुरात येऊ लागले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि १९१२ साली कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं. पंजाबी मल्लांशी जोड लागली की घरच्या तालमीत चालणारा डाव तिथे चालेलच असं नव्हतं. तोड नवी शोधावी लागे.

मर्दानी खेळाचं उलट झालं. दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), बोथाटी (बोथट टोकाचा भाला), लाठी ही मुळात लढाईची विद्या. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इथल्या किल्ल्यांवरच्या शिबंद्या, म्हणजे पहाऱ्याच्या फौजा, मोडल्या आणि हत्याराला खरा प्रतिस्पर्धी उरला नाही. आखाड्यांनी खेळ जपला, पिढ्यान्‌पिढ्या वार-पवित्र्यांचे हात तसेच्या तसे उतरवले. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरतो तेव्हा अंगावर काटा येतो, पण त्यात आपलं काही घालायला वाव थोडा. त्याचा दोष आखाड्यांना देणं मला अन्यायाचं वाटतं.

कुस्तीला पुढचा धक्का मॅटने, म्हणजे मातीऐवजी आलेल्या गादीने, दिला. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. मातीत वाढलेला हा गडी १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. पाय रोवायला माती नाही, नियमही वेगळे. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हुकमी डाव ढाक, प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला खाली फेकायचा. डाव मातीतलाच, तो मॅटवर चालवला हे त्यांचं स्वतःचं.

आज कोल्हापूरच्या पैलवानाला माती आणि मॅट दोन्ही सांभाळावं लागतं. मातीत पूर्वी वेळेची मर्यादा नसे. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या हातघाईत, समोरच्याला दमवायचं आणि ठेवणीतला डाव सावकाश काढायचा. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजायला पंच बसलेले. तोच डाव आता पहिल्या मिनिटालाच काढावा लागतो.