‘सहा-सात-आठ’च्या आधी आपण सुट्टीत काय करायचो

टूरवरून आलेल्या माणसाला कशी झाली ट्रिप विचारलं तर हल्ली पहिलं उत्तर येतं, दमलो बाबा. फोटो नंतर. ग्रुप टूरला गेलेल्यांना सहा-सात-आठ हा मंत्र पाठ असेल, सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस हलणार, आणि पल्ला लांबचा असेल तर पाच-सहा-सात. आम्ही एकदा असेच हिमाचलला गेलो होतो, कंपनीचं नाव कशाला घ्या, नऊ दिवसांत पाच हॉटेलं झाली आणि बॅगा भरणं-उघडणं इतकं की आईने शेवटी टूथब्रश पर्समध्येच ठेवला. जिथे तिला खरंच बसावंसं वाटत होतं त्या नदीकाठी मिळाली वीस मिनिटं, कारण पुढे शॉपिंगचा थांबा होता आणि तिथे मात्र दीड तास. घरी आल्यावर तिने दोन दिवस रजा वाढवून घेतली, सुट्टीचा शीण घालवायला.

आता फार्मस्टे, सायलेंट रिट्रीट, स्लो ट्रॅव्हल, व्हॉलंटिअरिंग असे शब्द जिकडेतिकडे ऐकू येतात आणि हे सगळं परवाच बाहेरून आल्यासारखं बोललं जातं. थोडं मागे जाऊन बघितलं तर वेगळीच गंमत दिसते.

पर्यटन हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात तसा उशिरा आला. त्याआधी होती यात्रा, वारी, जत्रा, आजोळ आणि हवापालट. काशीयात्रेला निघणारा माणूस घरची निरवानिरव करून निघायचा, परत येईलच याची खात्री नसायची, आणि आलाच तर गंगेचं पाणी आणून गावजेवण घालायचा, त्याला मावंदं म्हणायचे. तिकडे गेल्यावर राहायचं कुठे, जेवायचं काय, विधी कोण सांगणार, हे सगळं तीर्थोपाध्याय बघायचे, त्यांच्याकडच्या नामावळीत तुमच्या पणजोबांची सही निघायची. राहणं, जेवण, दर्शन सगळं एका छताखाली, म्हणजे म्हटलं तर हेच आपले पहिले टूर मॅनेजर, आणि दक्षिणेवरून वाद तेव्हाही व्हायचेच.

वारीचंही तसंच. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्तीची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घातली. कुठे विसावा, कुठे मुक्काम, रिंगण कुठे, कुठली दिंडी रथाच्या पुढे आणि कुठली मागे, सगळं ठरलेलं. दिंडीत नाव घालायचं तर भिशी भरायची, मग जेवण आणि तंबू दिंडीचे, सामान ट्रकमध्ये. हे ऐकलं की पॅकेजच वाटतं की नाही? टाइमटेबल तर टूर कंपनीपेक्षा कडक. म्हणून मला ‘पॅकेज म्हटलं की वाईटच’ हे बोलणं पटत नाही, आधी ठरवलेलं असणं हा प्रॉब्लेम नाहीये. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर माणूस पायी चालतो, पाय सुजतात, पावसात झोपतो, आणि तरी परत येऊन कोणी ‘दमलो बाबा’ने सुरुवात करत नाही, पुढच्या वर्षीचं बोलतो. कारण दिवस भरलेला असला तरी त्याला स्वतःला काहीतरी करायचं असतं, चालायचं, म्हणायचं, वाढायचं. नुसतं दाखवलेलं बघायचं नसतं.

हवापालट ही दुसरी जुनी वाट. डॉक्टर सांगायचे म्हणून लोक थंड हवेच्या ठिकाणी जायचे, आणि दोन रात्रींसाठी नाही, महिना महिना. महाबळेश्वर १८२०च्या दशकात इंग्रजांनी आजारी सोल्जर-साहेबांसाठी वसवायला घेतलं, माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत भरलं आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या छोट्या गाडीने ते मुंबईकराच्या आवाक्यात आलं. पाचगणीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. तिथे करायचं काय, तर काहीच नाही, आरामखुर्ची, दूध, सकाळ-संध्याकाळ फेरी. आज पॉइंट म्हटलं की सेल्फीची रांग आठवते, पण हे सगळे पॉइंट मुळात त्या संध्याकाळच्या फेरीचे होते, रोज एकाच पॉइंटवर जाऊन बसायचं. एका दिवसात बारा पॉइंट उरकायचे हे खूळ टॅक्सीवाल्यांच्या दरपत्रकाबरोबर आलं असावं असा आपला माझा अंदाज.

याच धाग्यातून पुढे लोणावळ्याचं कैवल्यधाम हे योगकेंद्र आलं, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेलं, आणि मग उरुळीकांचनचं निसर्गोपचार आश्रम. गांधीजी १९४६च्या मार्चमध्ये तिथे येऊन राहिले, गावातल्या पेशंटना मातीच्या पट्ट्या, पाणी, साधा आहार असे उपचार सुरू केले आणि पुढचं सगळं मणिभाई देसाई यांच्यावर सोपवून गेले, आणि मणिभाई जे राहिले ते कायमचेच राहिले. हल्ली वेलनेस म्हणून लाखभर रुपयांना विकतात त्यातलं बरंचसं या गावात गरिबांसाठी म्हणून सुरू झालं होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता पॅकेज टूरची गोष्ट, आणि ती जास्त मजेशीर आहे. ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टरहून लाफबरोला साधारण पाचशे लोक रेल्वेने नेले, भाडं एक शिलिंग. कशासाठी? दारूबंदीच्या सभेला! हा गृहस्थ धर्मप्रचारक, सुतारकाम करणारा, त्याचं म्हणणं असं की कामगाराच्या हातात सुट्टीचा दिवस आला की तो गुत्त्यात जातो, तर त्याला दुसरं काहीतरी बरं द्यावं. म्हणजे ज्याला आपण आज कंटाळलोय तीच गोष्ट जन्मली तेव्हा ‘अर्थपूर्ण पर्याय’ होती. पुढे धंदा वाढला, १८७२ मध्ये त्याने जगप्रदक्षिणेची टूर काढली, १८८६ मध्ये तर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या हाजींच्या प्रवासाचं काम या कंपनीला दिलं, मुंबई हे त्यातलं मुख्य बंदर. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं स्वस्त झाली, युरोपात पगारी रजा कायद्याने मिळायला लागली होती (फ्रान्समध्ये १९३६, ब्रिटनमध्ये १९३८), आणि समुद्रकिनाऱ्यावरची आठवडाभराची ठोक सुट्टी घरोघरी पोचली. मूळ ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली, हजारो लोक परदेशात अडकले, आणि सरकारला विमानं पाठवून त्यांना घरी आणावं लागलं.

आपल्याकडे ढकलायला सरकारी नोकरी होती. केंद्र सरकारची एलटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यांना रजेत मिळणारी प्रवास सवलत, १९५६ मध्ये आली, सुरुवातीला मुख्यतः गावी जायला, नंतर भारतात कुठेही. एलटीसीचा ब्लॉक, म्हणजे ती वापरायची ठरावीक वर्षांची मुदत, संपत आला की वडलांची पिढी अचानक कन्याकुमारी बघायला निघायची. सगळं स्वतः करायचं म्हणजे रिझर्व्हेशनच्या रांगा, भाषेची अडचण, आणि जेवण, विशेषतः जेवण. इथेच मराठी टूर कंपन्यांनी बरोबर ओळखलं. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली, बाकीच्याही होत्या, आणि त्यांनी विकलं काय तर काश्मीरमध्ये वरण-भात. हसू नका, हे फार मोठं काम होतं. एकटी विधवा मावशी, निवृत्त मास्तर, इंग्रजीला घाबरणारी जोडपी पहिल्यांदा विमानात बसली ती यांच्यामुळे, फक्त बायकांच्या टूर निघाल्या आणि साठीच्या बायका पहिल्यांदा नवऱ्याशिवाय घराबाहेर हसल्या. माझ्या आत्याचं सिंगापूर असंच झालं आणि ती अजून त्यावर बोलते, तिला कोणी ऑथेंटिक ट्रॅव्हलचं लेक्चर देऊन बघावं.

पण स्पर्धा वाढली तशी ब्रोशरमधली ठिकाणांची यादी लांबत गेली, अमक्याच्या टूरमध्ये चौदा साइट्स तर आमच्यात अठरा. ग्राहकही तसाच, पैसे वसूल झाले पाहिजेत. यात गेला तो रिकामा वेळ. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १५३० लोकांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी जास्त खूश दिसले, पण परत आल्यावर न गेलेल्यांच्यात आणि त्यांच्यात फरक राहिला नाही, अपवाद फक्त ज्यांनी आपली सुट्टी ‘फार निवांत’ गेली असं सांगितलं त्यांचा. आईला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

या सगळ्याला समांतर दुसऱ्या वाटा चालूच होत्या, फक्त त्यांना कोणी हॉलिडे म्हणत नव्हतं. मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था १९५४ पासून. गोनीदांनी तर दुर्गभ्रमणाचं वेड घरोघरी पोचवलं, शनिवारी रात्रीची लोकल किंवा एसटी पकडायची, सॅकमध्ये शिधा, गडावरच्या देवळात मुक्काम. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मे महिन्यात भरते, ऐन विदर्भाच्या उन्हात, पहाटे उठून कुदळ-फावडं, दुपारी चर्चा, रात्री गाणी. तिथून आलेली माणसं काळी पडलेली असतात आणि काहींनी तर आयुष्याची दिशाच बदलली.

विपश्यना या ध्यानपद्धतीचंही तसंच, ती शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले, इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, मौन, नवीन साधकाला संध्याकाळी फळ-मुरमुरे-चहा आणि बस्स. फी नाही, आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर चालतं. इथेही शेड्यूल सहा-सात-आठपेक्षा भयंकर आहे, पण दाखवायला काहीच नाही.

शेतावर जाऊन राहणं तर आपल्याला शिकवायलाच नको होतं, मे महिन्यात मामाकडे काय करायचो? थंडीत हुरडा असायचा, शेतातच आगटी पेटवायची, गोवऱ्यांवर ज्वारीची कणसं भाजायची, हातावर चोळायची, सोबत चटणी, गूळ, दही. फक्त मामाच शहरात आला आणि जमीन विकली गेली, मग तेच विकत घ्यायची वेळ आली. इटलीने शेतघरातल्या मुक्कामासाठी १९८५ मध्ये कायदा केला होता, आपल्याकडे २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं आणि राज्याचं धोरण यायला २०२० उजाडलं. आता काही ठिकाणी बैलगाडीची चक्कर, रेन डान्स आणि डीजे असं एकत्र मिळतं, तो वेगळा विषय.

खरं तर वेगळा नाही, तोच विषय आहे. पर्याय चालला की त्याचं पॅकेज होतं, कुकचं झालं तसंच. नर्मदा परिक्रमा, जी पायी तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची म्हणतात, ती आता बसने पंधरा-वीस दिवसांत करवतात. कासच्या पठारावर रोजची माणसं मोजून सोडायची वेळ आली. भंडारदऱ्याकडे काजवे बघायला पावसाआधी इतक्या गाड्या जातात की हेडलाइटमध्ये काजव्याला काजवी दिसेना, आणि गवतात बसलेल्या माद्या आपल्याच बुटांखाली.

वेळास अजून तरी बऱ्यापैकी टिकून आहे. मंडणगड तालुक्यातलं नाना फडणवीसांचं हे गाव, तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला घेतली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. हॉटेल नाही, गावकऱ्यांच्या घरात राहायचं, पडवीत झोपायचं, केळीच्या पानावर जेवायचं. कुंपणात पुरलेल्या घरट्यांवर टोपल्या घातलेल्या असतात, त्या सकाळी आणि संध्याकाळी उचलून बघतात. पिल्लं बाहेर आली असतील तर समुद्राकडे सोडतात. आम्ही गेलो तेव्हा तिन्ही वेळा खाली नुसती वाळू निघाली. एक काका जरा चिडले, इतक्या लांबून आलोय म्हणाले, तर तिथला कार्यकर्ता म्हणाला, काका, त्यांना सांगितलं नव्हतं आम्ही तुम्ही येणार म्हणून. मग सगळे परत घरी आलो आणि वहिनींनी मोदक केले होते ते खाल्ले, आई दुपारभर पडवीत बसून होती.