सरकारी मनोऱ्याचं तोंड कुणीकडे?

कोल्हापूरच्या टाउन हॉलची दगडी भिंत एप्रिलच्या दुपारी बाहेरून चटका देते. आत वस्तुसंग्रहालयात मात्र बरं वाटतं. काळा दगड तर ऊन जास्तच शोषतो. मग आत गारवा कसा? या काळ्या दगडातून, म्हणजे बेसॉल्टमधून, उष्णता रेंगाळत जाते. भिंत दीड फुटाची धरली, तर बाहेरची दुपार आतल्या अंगाला पोचायला 11-12 तास लागतात आणि तोवर तापमानाचा चढउतार जेमतेम विसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे दुपारी 2 ची धग आत येते ती मध्यरात्र उलटल्यावर. सरकारी कचेरी संध्याकाळी सव्वासहालाच सुटलेली असते! कोल्हापूरच्या रात्री बऱ्यापैकी गार, त्यामुळे खिडक्या उघड्या असल्या तर ती ऊब निघूनही जाते.

शाहूपुरी-लक्ष्मीपुरीसारख्या व्यापारी पेठेत जागा टिचभर, तेव्हा सगळी सरकारी खाती एका छताखाली आणायची तर इमारत वरच चढवावी लागणार. तिथं हा दगड चालत नाही. दीड फूट जाडीच्या भिंतीचा एक चौरस मीटर तुकडाच सव्वा टनाच्या वर भरतो. शिकागोतल्या मोनॅडनॉक इमारतीत (1891) 16 मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर टाकला, तर तळाशी त्या जवळपास 6 फूट जाड कराव्या लागल्या. पुढे भार लोखंडी आणि काँक्रीटच्या सांगाड्याने उचलला, भिंत नुसता आडोसा उरली आणि आडोसाच हवा तर काच का नको, असं झालं.

आता हिशोब बघा. मे महिन्यात दुपारी 4 वाजता पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला 500 वॅट तरी ऊन पडतं. साधी काच त्यातलं सुमारे 80 टक्के आत सोडते. खोलीत 10 चौरस मीटर काच असेल तर झाले 4 किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे माणसं, दिवे, संगणक मोजायच्या आधीच तो कमी पडला.

छज्जा कामाला येईल? दक्षिणेला येतो, पश्चिमेला नाही, कारण तिथं सूर्य खाली उतरून थेट समोर येतो. तिथं काचेबाहेर ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्याच लागतात. शिवाय कोल्हापूर 16.7 अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेची काचही अगदी सुरक्षित नाही.

गोची अशी, की वारा येतो पश्चिमेकडून आणि पावसाची झडही तिकडूनच. माझ्या मते इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी; पश्चिमेच्या अरुंद बाजूला जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं ढकलावीत. पण ती बाजू नेमकी पंचगंगेकडची. साहेबांचं दालन तिथंच मागितलं जाणार, आणि मग दोन एसी.